पान सातवं

चोवीस पानांचं पुस्तक. पुण्याच्या प्रकाशकानं
फोनवर सांगितलं : मुलांसाठी, रंग भरपूर,
तुमच्या भागातले पहिले गाणारे-वाजवणारे,
एकेकाला एकेक पान. आणि वाद नको.

खानापुरात मी चित्रकला शिकवतो.
आमच्याकडं बायकाही शिकवतोच म्हणतात.
प्रकाशकानं दोनदा विचारलं, मॅडमच ना?

पान तीन मल्लाप्पा कोरवीचं, सनईवाल्याचं.
फोटो मिळाला, कुणाच्या तरी वरातीतला,
नवरा-नवरी अर्धे कापलेले, सनई पूर्ण.
पान पाचवर दत्तोबा सुतार,
ज्यानं पेटीच्या फाटक्या भात्याला सायकलची ट्यूब लावली
आणि अख्ख्या पंचक्रोशीची भजनं चालू ठेवली.
ती ट्यूब काढताना मजा आली मला,
पंक्चरच्या लाल तुकड्यासकट काढली.

पान सात : रत्नव्वा.
सौंदत्तीच्या डोंगराखालची, चौंडकंवाली,
बेळगावात कॅम्पातल्या एका बंद खोलीत
तबकडीसाठी गायलेली जोगतीण.
तबकडी फुटली, लेबल उरलं.
लेबलावर नाव चुकलेलं.
फोटो नाहीच.

निपाणीला गेलो. नात विड्या वळत होती,
होळेव्वा, साठीपुढची, मांडीवर सूप.
"आज्जीचं तोंड आठवत नाही बघ यव्वा.
खरं तिची झंपरं आठवतात.
सगळी बगलेत फाटलेली.
चौंडकं तिथं दाबून धरायची न्हवं,
घासून घासून कापड जायचं.
ठिगळावर ठिगळ लावून आई कावायची."

खरं म्हणजे आमच्यात पण.
पुण्याला हे समजावून सांगावं लागतं.

मी ठिगळ काढलं. हिरव्या झंपराला
पिवळं, मोठ्या टाक्यांचं.
प्रकाशक म्हणाले, जरा चांगले कपडे द्या की बाईंना.
म्हटलं, ठिगळ गेलं तर मीही गेलो.
मग म्हणाले, तोंडापाशी फुगा काढा, गाण्याची ओळ लिहा.
कुठल्या लिपीत?
ओळ कानडीत उठायची आणि मराठीत बसायची,
होळेव्वानं म्हणून दाखवलेली,
मधे थांबून, दोरा तोडून, पुन्हा पुढं.
फुगा रिकामाच ठेवला.
वाद नको म्हणाले होते.

पुस्तक आलं. पहिली प्रत निपाणीला.
तिला वाचता येत नाही. तंबाखूची बोटं
पदराला पुसली, पान उघडलं,
बघत बसली. बाहेर दोन टेम्पो गेले.
मग हसली :
"ठिगळ भलत्याच बगलेत लावलंस की गं.
आज्जी डावरी होती."

तीन हजार प्रती.
मला विचारायचं सुचलंच नव्हतं.
परतीच्या बसमध्ये, संकेश्वरपासून हत्तरगीपर्यंत,
पर्स उजव्या बगलेत दाबून
डाव्या हातानं हवेत तार छेडत बसलो.
शेजारची बाई सरकून बसली.

आता ज्या शाळेत बोलावतात,
नंदगड, काकती, जांबोटी,
तिथं खडूंची पेटी घेऊन जातो.
पान सात उघडा म्हणतो. चूक सांगतो.
दुरुस्त करा.
कुणी जुनं ठिगळ हिरव्यानं बुजवतं,
कुणी रत्नव्वाला चष्मा लावतं,
एका पोरीनं फुग्यात नुसते ठिपके भरले,
जवळजवळ, लांब, परत जवळजवळ.
हे काय, विचारलं तर म्हणाली, वाजतंय.

जांबोटीच्या एका पोरानं
पिवळं तसंच ठेवलं आणि दुसरीकडं निळं लावलं.
अरे, डावरी होती म्हटलं ना मी?
"होय की बाई. खरं एका हातानं दमली
की दुसऱ्यानं वाजवत असणार."

ती प्रत मी मागितली.
शाळेचा शिक्का हाय, म्हणाला,
मिळायची नाही.